पाळण्यातले मन : डॉ. मारिया मॉंटेसरी

मॉंटेसरी हा शब्द आपल्या बोलण्यात अगदी रुळून गेला आहे. धाकटी आता मॉंटेसरीत जाते, नाक्यावर नवी मॉंटेसरी निघाली आहे, असे आपण सहज म्हणतो. लहान मुलांच्या शाळेचे इंग्रजी नाव म्हणजे मॉंटेसरी, असाच पुष्कळजणींचा समज असतो. पण हे एका बाईचे आडनाव आहे. ही बाई इटली देशातली. ती शिक्षणाने डॉक्टर होती आणि आपल्या देशात सगळी मिळून सुमारे आठ वर्षे राहून गेली. शाळेत जाण्याच्या आधीचे मूल, म्हणजे जन्मल्यापासून तीन वर्षांपर्यंतचे बाळ, हा तिच्या उतारवयातला मोठा अभ्यासाचा विषय होता, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तिचे चरित्र भगिनींपुढे ठेवावे असे वाटले. घरात तान्हे मूल असलेल्या प्रत्येकीने, मग ती आई असो, आजी असो की मावशी, त्यातून काही घ्यावे असे त्यात आहे.

मारियांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी अँकोना शहराजवळच्या कियाराव्हाले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. जुन्या वळणाचे, शिस्तीचे गृहस्थ. आई रेनिल्दे हिला वाचनाची फार आवड. मारिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती पाच वर्षांची असताना हे कुटुंब रोम शहरात राहावयास आले. त्या काळी तिकडेही मुलीने शिकून फार तर शिक्षिका व्हावे अशीच समजूत होती. मारियेने मात्र तेराव्या वर्षी मुलग्यांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले. तिला गणित आवडे. आधी तिला इंजिनिअर व्हायचे होते, मग मन बदलले आणि तिने डॉक्टर होण्याचे ठरवले. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. आई मात्र पाठीशी उभी राहिली.

वैद्यकीच्या वर्गात सगळे पुरुष. ते आपापल्या जागी बसल्यावर मगच तिने आत यायचे. प्रेताची चिरफाड पुरुषांच्या बरोबरीने शिकणे अशोभनीय मानले जाई, म्हणून ते काम तिला सगळे गेल्यावर एकटीने करावे लागे. एवढे सोसून १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी ती एक. त्याच वर्षी बर्लिन येथे स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे इटलीच्या स्त्रियांची प्रतिनिधी म्हणून जाऊन, कष्टकरी बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळाली पाहिजे अशी मागणी तिने केली.

पुढे रोमच्या विद्यापीठातील मनोरुग्ण विभागात त्या काम करू लागल्या. त्यासाठी त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. बुद्धीने मागे राहिलेली लहान मुले तेव्हा मोठ्या वेड्या माणसांबरोबरच कोंडून ठेवीत. अशाच एका ठिकाणी त्यांनी पाहिले की जेवण झाल्यावर मुले जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचीत बसतात. सांभाळणाऱ्या बाईला वाटे, ही मुले हावरी आहेत. मारियांच्या मनात निराळेच आले. त्या ओक्याबोक्या खोलीत हाताने चाळवायला, चाचपायला दुसरे काहीच नव्हते. मुलांची भूक पोटाची नव्हती, हाताची आणि मनाची होती. मग त्यांनी इतार्द आणि सेगॅं या दोन फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ अभ्यासले. अशा मुलांना वस्तू हाताळावयास देऊन शिकवता येते, हे त्या दोघांनी आधी दाखवून दिले होते. १९०० साली अशा मुलांच्या शिक्षकांसाठी रोममध्ये एक संस्था निघाली. तिच्या दोन प्रमुखांपैकी मारिया एक होत्या. त्यांच्या हाताखालची काही मुले लिहिणे-वाचणे शिकून इतर मुलांबरोबर परीक्षेस बसली व पासही झाली. सर्वांनी वाहवा केली. बाईंना मात्र प्रश्न पडला, की ही मुले इथवर येतात, तर चांगल्या धडधाकट मुलांना आपण शाळेत कसे काय मागे ठेवतो?

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती जपून सांगते, पण वगळीत नाही. ती वगळली तर हे चरित्र अर्धेच राहील.

त्या संस्थेचे दुसरे प्रमुख होते डॉ. ज्युसेप्पे मोन्तेसानो. दोघांचा स्नेह जडला आणि ३१ मार्च १८९८ रोजी मारियांना मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. दोघांचे लग्न झाले नव्हते. लग्न केले असते तर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बाईंना डॉक्टरकी व काम सोडून घरी बसावे लागले असते. न करता मूल जवळ ठेवले असते तर समाजाने त्यांना कोठेच उभे केले नसते. घरच्यांनीही गोष्ट झाकून ठेवण्याचा आग्रह धरला. शेवटी मूल खेड्यातल्या एका कुटुंबात वाढवावयास दिले. १९०१ साली मोन्तेसानोंनी दुसरीशी लग्न केले. बाईंनी ती संस्था सोडली आणि त्या पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून जाऊन बसल्या. अधूनमधून त्या त्या खेड्यात जात, मुलाला पाहत आणि आपण कोण हे न सांगता परत येत.

भगिनींनो, आपल्यापैकी ज्यांनी तान्हे मूल दोन दिवस जरी दुसऱ्याकडे ठेवले असेल, त्यांना हे काय दुःख आहे ते सांगावे लागणार नाही. बाईने असे करावयास नको होते, असे म्हणणे सोपे आहे. बाळाच्या बापाला कामही सोडावे लागले नाही आणि अब्रूही गेली नाही, हेही त्याबरोबर ध्यानात घ्यावे.

१९०७ साली बाईंच्या आयुष्याला वळण लागले. रोममधील सान लोरेन्झो ही गरिबांची वस्ती. एका बांधकाम संस्थेने तेथील चाळी दुरुस्त करून मजुरांच्या कुटुंबांना राहावयास दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामाला जात आणि शाळेच्या वयाची न झालेली मुले मागे जिने-भिंती खराब करीत. नुकसान टळावे म्हणून संस्थेने मुलांना एका खोलीत जमवून सांभाळायचे ठरवले व मॉंटेसरीबाईंना बोलावले. ६ जानेवारी १९०७ रोजी ही खोली उघडली. तिचे नाव ठेवले बालगृह. पन्नासएक मुले, मळकी, बुजरी, रडवेली. बाईंनी त्यांच्या उंचीची टेबले-खुर्च्या करवून घेतल्या. हातात घेता येतील अशी लाकडी साधने दिली. मुलांना रागवायचे नाही, बक्षीस द्यायचे नाही, नुसते पाहायचे. थोड्याच महिन्यांत ती मुले स्वतः हात धुऊ लागली, ताटे मांडू लागली. एक चिमुरडी लाकडी दट्ट्ये त्यांच्या खोबणीत बसवण्यात इतकी गढून गेली, की तिच्या खुर्चीसकट तिला उचलून टेबलावर ठेवले तरी तिचे काम थांबले नाही. चाळीसच्या वर वेळा तिने तेच केले आणि मग झोपेतून उठल्यासारखी हसतमुखाने उठली. लहान मुलाचे चित्त ठरत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तरच होते.

याच बालगृहात एके दिवशी एका तान्ह्या बाळाने बाईंना धडा दिला. अंगणात एक आई चार महिन्यांची मुलगी घेऊन उभी होती. तिकडच्या चालीप्रमाणे मुलगी कापडात घट्ट गुंडाळलेली. बाईंनी तिला उचलून वर्गात आणले आणि मुलांना दाखवले, की पाहा, ही किती शांत आहे, हिचा श्वास किती हलका चालला आहे, तुम्हांला इतके शांत बसता येईल का? मुले तिच्याकडे टक लावून पाहत राहिली आणि तिच्यासारखीच निश्चल झाली. खोलीत इतकी शांतता झाली की एरवी कधी न ऐकू येणारे बारीक आवाज ऐकू येऊ लागले. पुढे जगभरच्या बालशाळांतून जो शांततेचा खेळ सुरू झाला, त्याचा उगम हा. मोठी माणसे तान्ह्या बाळाला मांसाचा गोळा समजतात, पण त्याच्यापासून घेण्यासारखे काही असते, हे तेथे सर्वांना दिसले.

१९०९ साली बाईंचे पहिले पुस्तक निघाले आणि थोड्या वर्षांत त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. देशोदेशींची माणसे ते बालगृह पाहावयास येऊ लागली. १९१३ साली त्या अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांना ऐकावयास सभागृहे भरून गेली.

पण या कीर्तीच्या ऐन दिवसांत, १९१२ च्या डिसेंबरात, त्यांची आई वारली. जिने आयुष्यभर पाठ राखली आणि जिच्या शब्दाखातर मूल दूर राहिले होते, ती गेली. १९१३ साली मारिओ पंधरा वर्षांचा असताना बाई त्याला भेटावयास गेल्या. ही आपली आई आहे हे त्याने केव्हाच ओळखले होते. तसे त्याने सांगितले आणि तो त्यांच्याबरोबर निघाला. त्या दिवसापासून तो त्यांचा उजवा हात झाला. पण चारचौघांत बाई त्याला पुतण्या म्हणत, कधी मानलेला मुलगा म्हणत. खरे नाते आणखी पुष्कळ वर्षे झाकलेलेच राहिले.

पुढची वर्षे त्यांनी स्पेनमधील बार्सिलोना येथे राहून युरोपभर वर्ग घेतले. इटलीत मुसोलिनीचे राज्य आले तेव्हा त्याने मॉंटेसरी शाळांना पाठबळ दिले आणि बाईंनी ते घेतले. हा त्यांच्या आयुष्यातला एक डाग म्हणावा लागेल. पण मुलांना हुकमाचे ताबेदार करायचे की स्वतंत्र बुद्धीची माणसे, या प्रश्नावर दोघांचे जमणे शक्यच नव्हते. १९३४ साली संबंध तुटला आणि इटलीतल्या शाळा बंद झाल्या. जर्मनीत हिटलरच्या राज्यातही तेच झाले. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. बाईंना तेथूनही निघावे लागले आणि त्या हॉलंडमध्ये जाऊन राहिल्या.

त्यांचे विचार आपल्या देशात मात्र त्यांच्या आधीच पोचले होते. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका या वकिलांना स्वतःचा मुलगा झाल्यावर बालशिक्षणाचा ध्यास लागला. बाईंचे पुस्तक वाचून त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली बालमंदिर काढले. आपल्या मुंबईच्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी हे काम ठाणे जिल्ह्यात (तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे) बोर्डी व कोसबाड येथे नेले. अनुताई वाघांना बरोबर घेऊन आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत त्यांनी शाळा पोचवली. महागड्या परदेशी साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, दगड यांवर त्यांनी मुलांना शिकवले. गिजुभाई जून १९३९ मध्ये वारले आणि चार-पाच महिन्यांनीच मॉंटेसरीबाई भारतात आल्या.

मद्रासजवळ अडयार येथील थिऑसॉफिकल सोसायटीचे डॉ. अरुंडेल व रुक्मिणीदेवी यांनी त्यांना बोलावले होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये ६९ वर्षांच्या बाई आणि मारिओ काही महिन्यांसाठी म्हणून आले. तीनशेच्या आसपास शिक्षक-शिक्षिका देशभरातून शिकावयास जमल्या. बाई इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ त्याचे इंग्रजी करून सांगे.

जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली. हिंदुस्थानात तेव्हा इंग्रजांचे राज्य. एका दिवसात ही मायलेकरे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली. बाईंना अडयारच्या आवाराबाहेर जाण्यास बंदी झाली आणि मारिओला आपल्या महाराष्ट्रात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे स्थानबद्ध करून ठेवले. पंधरा वर्षे दूर राहून मिळालेला मुलगा म्हातारपणी परक्या देशात पुन्हा दूर गेला. मारिओची चार मुले, म्हणजे बाईंची नातवंडे, तिकडे हॉलंडमध्ये राहिली होती. मध्ये युद्ध, पत्राचाही भरवसा नाही.

३१ ऑगस्ट १९४० हा बाईंचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून सरकार तुमचा मुलगा तुम्हांला परत देत आहे, अशा आशयाची ती तार होती. सरकारी तारेत मारिओला उघडपणे त्यांचा मुलगा म्हटले होते. ४२ वर्षे जो शब्द त्यांना चारचौघांत उच्चारता आला नव्हता, तो असा परक्या सरकारच्या तारेतून बाहेर आला. त्यानंतर पुन्हा पुतण्या म्हणण्याचे कारण उरले नाही.

युद्ध संपेपर्यंत त्यांना भारतातच राहावे लागले. १९४२ ते १९४४ ही वर्षे त्या कोडाईकनालच्या थंड डोंगरावर होत्या. तेथे लहानमोठ्या मुलांची शाळा चालवता चालवता बाईंचे लक्ष अगदी तान्ह्या मुलांकडे वळले. सुरुवातीला त्यांनी तीन वर्षांच्या पुढची मुले पाहिली होती. आता त्यांच्या ध्यानात आले की तीन वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या मनाचा पाया भरून झालेला असतो. ते बोलते, चालते, आपले-परके ओळखते, कशाला भ्यावे व कशाला हसावे हे त्याने ठरवलेले असते. हे सारे त्याला कोणी शिकवले?

युरोपातल्या सुखवस्तू घरांत तान्हे मूल वेगळ्या खोलीत, दाईच्या हाती आणि घड्याळाच्या काट्यावर दूध पीत वाढे. जे देश त्या रीतीने वागत नव्हते, तेथे त्यांनी निराळे पाहिले. आई मूल कडेवर घेऊन बाजारात जाते, वाटेत शेजारणीशी बोलत थांबते, भाजी घासाघीस करून घेते आणि मूल सगळीकडे टुकुटुकु पाहत, ऐकत असते. अंगावरचे दूधही बरेच दिवस चालते. अशी मुले कमी रडतात, असे बाईंनी लिहून ठेवले आहे. आपल्या आजी-पणजी अडाणीपणाने करीत होत्या असे जे शिकलेले लोक म्हणत, त्यात बाईंना मोठे शहाणपण दिसले. पुढे अहमदाबाद येथील वर्गात त्यांनी या विषयावर व्याख्याने दिली. त्यांवरून १९४९ साली मद्रासहून एक पुस्तक निघाले. भोवतालचे सारे शोषून घेणारे मन, असा त्याच्या नावाचा अर्थ.

त्यांचे सांगणे आपल्या भाषेत थोडक्यात मांडते. मोठ्या माणसाचे मन डब्यासारखे असते, त्यात ज्ञान भरून ठेवतात. तान्ह्याचे मन नव्या कोऱ्या कापडासारखे असते. रंगाच्या पाण्यात बुडवले की रंग धाग्याधाग्यात शिरतो, मग तो वेगळा काढता येत नाही. घरातले बोलणे, भांडणे, हसणे, देवापुढची घंटा, आईच्या हाताचा वेग हे सगळे बाळाच्या मनावर नुसते पडत नाही, त्याचेच मन बनते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक शक्तीचा एक हंगाम असतो. हे समजावण्यासाठी बाई एका सुरवंटाची गोष्ट सांगत. ह्यूगो द व्ह्रीस या डच शास्त्रज्ञाने ती सांगितली होती. अंड्यातून नुकताच निघालेला सुरवंट उजेडाकडे ओढला जातो, म्हणून फांदीच्या शेंड्याला जातो आणि तेथे त्याला खाण्याजोगी कोवळी पालवी मिळते. तो मोठा होऊन जून पाने खाऊ लागला की उजेडाची ओढ जाते. तसेच बाळाला एका काळात बोलण्याची ओढ असते, एका काळात हातांची, एका काळात पावलांची. त्या हंगामात अडवले तर पुढे तेच शिकावयास दुप्पट कष्ट पडतात.

एक हंगाम असतो सुव्यवस्थेचा, तो आपल्या कोणाच्या ध्यानातही येत नाही. बाईंनी पाहिलेली एक गोष्ट अशी. सहा महिन्यांची एक मुलगी खोलीत आनंदात होती. पाहुणी आली आणि तिने आपली छत्री टेबलावर ठेवली. मुलगी रडू लागली. छत्री हवी असेल म्हणून ती हातात दिली, तर ढकलून देऊन आणखीच रडू लागली. आईने ओळखले आणि छत्री उचलून खोलीबाहेर नेली. मुलगी तत्काळ शांत झाली. तिला छत्री नको होती. टेबलावर छत्री ही तिच्या जगात चुकीच्या जागी होती. दुसरी गोष्ट दीडेक वर्षाच्या मुलाची. चालता चालता आईने उकाड्यामुळे अंगातला कोट काढून हातावर टाकला. मूल रडू लागले, कोणी उचलले तरी ऐकेना. बाईंनी कोट पुन्हा अंगात घालण्यास सुचवले. आईने घातला आणि रडे थांबले. कोट अंगात असतो, हातावर नसतो, एवढेच त्याचे म्हणणे होते. आपण अशा वेळी मूल हट्टी आहे म्हणतो, कोणी दृष्ट काढते, कोणी धपाटा घालते.

बाईंचे हे विचार नुसत्या निरीक्षणावर होते. पुढे इतर शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले. त्यांपैकी एक प्रयोग आपल्या कानाशी अगदी जवळचा आहे. कॅनडात जॅनेट वर्कर या बाईंनी १९८४ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना आपल्याकडचे त आणि ट हे आवाज ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना यातला फरक कळणे कठीण जाते. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता. वर्षाची होता होता मात्र त्यांतल्या बहुतेकांचा कान बंद झाला, कारण घरात ते आवाज कोणी काढीतच नव्हते. तोंडातून पहिला शब्द येण्याच्या आधीच बाळाने आपली मातृभाषा निवडलेली असते. म्हणून त्याला काय कळतंय असे म्हणून तान्ह्यासमोर वाटेल ते बोलू नये, आणि मुके राहूनही त्याचे करू नये. न्हाऊमाखू घालताना, तीट लावताना, भरवताना त्याच्याशी बोलावे.

बाईंचे सगळेच खरे ठरले असे नाही. परीकथा व खोटा-खोटा खेळ यांना त्यांनी लहान वयात फारसे स्थान दिले नाही. आज बालमानसशास्त्र सांगते की बाहुलीला जेवू घालणे, काठीचा घोडा करणे यातूनही मुलाची बुद्धी वाढते. आपल्या गिजुभाईंनी मुलांना पोटभर गोष्टी सांगितल्या, तेच योग्य होते.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. बाईंच्या हयातीतच, १९५१ साली, जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. पहिल्या वर्षांत आईची किंवा आईसारख्या एका कायमच्या माणसाची माया मिळाली नाही तर बाळाच्या मनाला इजा होते, असे त्यात दाखवले होते. हे वाचून कितीतरी आया घाबरल्या. कोणी नोकरीला जाते, कोणी बाळंतपणानंतर महिनोन् महिने आजारी असते, कोणाचे मूल दवाखान्यात राहिलेले असते. आपल्या हातून कायमचे नुकसान झाले काय, असे त्यांना वाटते. पुढे झालेल्या अभ्यासांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. माया एकट्या आईनेच द्यावी असे नाही. बाप, आजी, आजोबा, काकू, जो रोज जवळ असतो आणि हाकेला ओ देतो, त्याच्याशी बाळ बांधले जाते. आणि पहिल्या वर्षांत उणे राहिले तरी नंतर प्रेमाचे घर मिळाले तर पुष्कळ भरून निघते. जितके लवकर तितके अधिक, एवढेच.

याचा दाखला मॉंटेसरीबाईंच्या घरातच आहे. मारिओला पंधरा वर्षे आईचे घर मिळाले नाही. पण मिळाल्यावर त्याने आईला दूर केले नाही. जवळजवळ चाळीस वर्षे तो तिच्याबरोबर देशोदेशी फिरला आणि तिचा शब्द त्याने लोकांपर्यंत पोचवला.

१९४६ साली मायलेकरे युरोपात परतली आणि सात वर्षांनी नातवंडांची भेट झाली. १९४७ साली स्वतंत्र भारतात ती पुन्हा आली व १९४९ पर्यंत त्यांचे येथे येणेजाणे राहिले. १९४७ सालीच रोममध्ये बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, आदेले कोस्ता ञोक्की यांनी, नवजात बाळांची देखभाल करणाऱ्या सेविकांची शाळा सुरू केली. १९४९ ते १९५१ अशी तीन वर्षे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी बाईंचे नाव सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये समुद्रकाठच्या नूर्डवाइक गावी त्यांचे देहावसान झाले. वय ८१. आफ्रिकेत जाऊन शिक्षक तयार करण्याच्या गोष्टी त्या दिवशीही मारिओशी चालल्या होत्या. त्यांचे काम मारिओने १९८२ साली स्वतःचा मृत्यू येईपर्यंत चालवले. ज्या इटलीने त्यांच्या शाळा बंद केल्या, त्याच इटलीने पुढे आपल्या हजार लिराच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. बाईंनी पाळण्यातले मन पाहावयास शिकवले. या वर्षी आपल्या मंडळातल्या ज्या ज्या घरी पाळणा हलेल, तेथे बारशाला जाताना आपण घुगऱ्यांबरोबर एवढे तरी घेऊन जाऊ या. बाळासमोर बागुलबुवाचे नाव काढायचे नाही. शेजारच्या बाळाशी त्याची तुलना करायची नाही. ते रडले तर आधी काय बदलले आहे ते पाहायचे, मग हट्ट म्हणायचे. ते चालू लागले की त्याच्या पावलाने चालायचे. आणि एखादी आई आपल्याला वेळ देता आला नाही म्हणून झुरत असली, तर तिला दोष न देता तिच्या बाळाला घटकाभर आपल्या मांडीवर घ्यायचे. सान लोरेन्झोच्या त्या बाईंना तसा हात कोणी दिला असता, तर मारिओ खेड्यात वाढला नसता.

त्या थोर स्त्रीच्या स्मृतीस मंडळाच्या वर्धापनदिनी विनम्र नमस्कार.